पाकिटाचा वास आणि कपातली चव

गळीत हंगामात श्रीपूरला चहाचा वास घेणं अवघड जातं. मळीचा गोडसर आंबूस दर्प पहाटेपासून गावावर पसरलेला असतो आणि वारा कारखान्याकडून आला की कपाला नाक लावून काही उपयोग होत नाही. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि माळशिरस तालुक्यातलं हे गाव साखरेच्या नकाशावर आलं. आज गावची ओळख पांडुरंग सहकारी साखर कारखान्यामुळे आहे. इथला चहाही साखरपट्ट्याला शोभेल असाच: बारीक सीटीसी पावडर, ठेचलेलं आलं, हात न आखडता घातलेली साखर, दूध आणि दोन-तीन उकळ्या. आषाढीला तुकोबांची पालखी अकलूजहून माळीनगर, श्रीपूर करत बोरगावकडे निघते, तेव्हा रस्त्याकडेला वारकऱ्यांच्या हातात पडतो तोही हाच.

अशा गावात प्रस्तुत लेखकाच्या घरी पुण्याच्या भाचीनं एक देखणं खोकं पाठवलं. एका छोट्या चहा कंपनीचे स्वाद लावलेले काळे चहा होते, नमुन्याच्या पुड्यांत. व्हॅनिला, चॉकलेट, गुलाब-वेलची, संत्रं-दालचिनी, कसलीशी ‘बेरी’ आणि अर्ल ग्रे. पहिली पुडी फोडली आणि स्वयंपाकघरात केक भाजल्यासारखा वास सुटला. घरातल्या मंडळींनी एकेक पुडी नाकाशी धरली, वा वा केलं आणि चहा उकळण्याच्या आतच फोनवरून त्यातल्या तीन प्रकारांचे मोठे डबे मागवून टाकले. सगळा घोटाळा इथेच झाला. चहा प्यायचा असतो, आणि खरेदी मात्र हुंगून झाली.

डबे आले. व्हॅनिलाचा चहा नेहमीप्रमाणे पातेल्यात, दूध-साखर घालून, खळखळून उकळला. घरभर सुगंध पसरला. कपात उरला तो किंचित तुरट, फिका चहा. बेरीच्या चहात दूध ओतताच ते फाटलं. गुलाब-वेलचीत वेलची बरी लागली, गुलाब मात्र अत्तराच्या दुकानातून आलेला वाटला. डबे आठवडाभर शेंगाचटणी आणि काळ्या मसाल्याच्या कपाटात राहिले, त्यानंतर तिन्ही प्रकारांना एकच वास येऊ लागला. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, उघडलेला डबा परत घेतला जात नाही. खाण्यापिण्याच्या वस्तूंबाबत हा नियम रास्तच आहे. पण त्यामुळेच डबा मागवण्याआधी काय तपासायचं, हे ज्याला त्याला ठाऊक असलेलं बरं.

आधी त्या व्हॅनिलाचं काय झालं ते पाहू. स्वादाचे चहा दोन-तीन तऱ्हेनं बनतात. एकात चहापत्तीवर तेल किंवा अर्क फवारतात आणि फिरत्या पिंपात ते सगळीकडे सारखं लावतात. दुसऱ्यात सुकी फळं, साली, मसाले, पाकळ्या पत्तीत मिसळतात. तिसरी रीत जुनी आणि कष्टाची: चिनी मोगऱ्याच्या चहासारखी, ताज्या फुलांच्या सहवासात पत्ती ठेवून तिला वास शोषू द्यायचा. बाजारातल्या बहुतेक डब्यांत पहिल्या दोन रीतींची सरमिसळ असते. फवारलेला सुगंध उडून जाणारा असतो, म्हणून तर पुडी फोडताक्षणी तो नाकावर येतो. त्याला पाच मिनिटं उघड्या पातेल्यात उकळलं की तो वाफेबरोबर निघून जातो. आपल्याकडे घर सुगंधी झालं आणि कप कोरा राहिला, त्याचं कारण एवढंच. असा चहा उकळायचा नसतो. उकळतं पाणी पत्तीवर ओतून, झाकून, तीन-चार मिनिटांनी गाळायचा. दूध घालायचंच असेल तर ते वेगळं गरम करून, थोडं, आणि शेवटी.

आणि फाटलेलं दूध? बेरीच्या चहाला तो लालभडक रंग बहुतेक वेळा बेरीमुळे येतच नाही. चहाच्या मिश्रणात ‘हिबिस्कस’ म्हणून जे घालतात ती लाल अंबाडीची सुकवलेली बोंडं असतात. सोलापूर जिल्ह्याला अंबाडीची भाजी नवी नाही, तिचा आंबटपणाही नवा नाही. आंबट पाण्यात दूध घातलं की ते फाटणारच. गुळाचा चहा करणाऱ्या बायका गूळ शेवटी का घालतात आणि आलं दुधात कच्चं न टाकता आधी पाण्यात का उकळतात, याचं उत्तरही याच घराण्यातलं आहे: गुळात थोडी आम्लता असते, आणि ताज्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं, जे उकळलं की निकामी होतं. म्हणून घटकांच्या यादीत हिबिस्कस, लिंबूसाल, सुकं सफरचंद किंवा सायट्रिक आम्ल दिसलं तर तो चहा बिनदुधाचाच समजावा.

घटकांची यादी वाचणं हे कंटाळवाणं काम वाटतं, पण डब्यावरचं तेवढंच लिखाण कंपनीनं कायद्याच्या धाकानं लिहिलेलं असतं. बाकी सगळी कविता. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. ‘केशर-बदाम चहा’त केशर अगदी शेवटी, स्वादद्रव्याच्याही नंतर असेल, तर समजून घ्यावं. झेंडूवर्गी पिवळ्या पाकळ्या आणि निळी कॉर्नफ्लॉवर या डोळ्यांसाठी असतात, चवीत त्यांचा वाटा जवळजवळ शून्य. बदाम-काजूचे तुकडे असतील आणि घरात कुणाला त्यांची ॲलर्जी असेल तर तो डबा घरात आणूच नये.

त्याहून महत्त्वाची एक ओळ आहे. वरून स्वाद लावलेला चहा भारतात विकायचा तर पाकिटावर ‘फ्लेवर्ड टी’ असं स्पष्ट लिहावं लागतं, कोणता स्वाद तेही लिहावं लागतं, आणि उत्पादकानं टी बोर्डाकडे नोंदणी करून तो क्रमांक छापावा लागतो. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा अंकी क्रमांक हवा. श्रीपूरला आलेल्या डब्यांवर चौदा अंकी क्रमांक होता, बाकीच्या दोन गोष्टींचा पत्ता नव्हता. ‘निसर्गाच्या कुशीतून’ असं मात्र तीन ठिकाणी लिहिलं होतं. स्वादद्रव्य नैसर्गिक आहे, निसर्गातल्या द्रव्यासारखंच पण कारखान्यात बनवलेलं आहे की निखळ कृत्रिम, हे यादीत कळतं. कृत्रिम म्हणजे लगेच विष असं नाही. पण कृत्रिम गुलाबाला गुलाबाची किंमत का द्यायची, हा प्रश्न ग्राहकानं विचारायलाच हवा.

किमतीचंही तसंच. छोटा सुबक डबा ४५० रुपयांना स्वस्त वाटतो. त्यात ५० ग्रॅम चहा असेल तर तो ९ रुपये ग्रॅम, म्हणजे ९,००० रुपये किलो पडला. आता पाकिटावर एका ग्रॅमची किंमतही छापावी लागते, ती शोधावी. एवढ्या पैशात दार्जिलिंगची उत्तम, काहीही न लावलेली पत्ती मिळते. इथे प्रस्तुत लेखकाचं मत ठाम आहे: उंची सुगंध फार वेळा हलक्या पत्तीवर घातलेलं पांघरूण असतं. हा संशय आजचा नाही. भारतात चहाचा खप वाढवायला निघालेल्या जुन्या मंडळींना मसाला घातलेला चहा फारसा रुचत नसे, कारण मसाला आला की विक्रेता पत्तीत हात आखडता घेई.

म्हणून चव घेताना पहिला कप नेहमी काळा, बिनसाखरेचा. चहाची चव पाहण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली आलेलं. त्यात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं असं प्रमाण आहे. सहा मिनिटं प्यायला जड होतात, पण दोन चहांची तुलना करायची तर सगळ्यांना सारखी शिक्षा हवी. गंमत म्हणजे दूध घालून चव पाहण्याची सोयही त्या मानकात आहे, तेव्हा दुधाच्या चहावरून कुणी नाक मुरडलं तर त्याला हे सांगावं. व्यावसायिक टी-टेस्टर चमच्यातला चहा जोरात भुरकतात, म्हणजे त्याचे तुषार घशामागून नाकापर्यंत जातात आणि वास-चव एकत्र कळते. बशीतून आवाज करत चहा पिणाऱ्या आजोबांना घरोघरी उगाच दटावलं गेलं.

काळ्या कपात काय शोधायचं? आधी स्वाद विसरून पत्ती शोधा. रंग उजळ तांबूस आहे की मळकट? तुरटपणा जिभेवर येऊन निघून जातो की घशात खरवडत राहतो? गिळल्यावर मागे चहाची चव उरते की फक्त सुगंधी साबणाची? मग कप कोमट होऊ द्या. गरम असताना सगळंच बरं लागतं, खोटा स्वाद थंड होताना उघडा पडतो. श्रीपूरच्या नमुन्यांत अर्ल ग्रे या कसोटीला उतरला: कोमट झाल्यावरही त्यात संत्र्यासारख्या सालीचा कडवट ताजेपणा राहिला आणि खाली पत्ती जागी होती. व्हॅनिला आणि चॉकलेट थंड होताच फक्त वास उरले.

पाण्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या द्रव्यांशी जुळून वर तवंग आणतात, रंग काळपट होतो आणि नाजूक स्वाद दबतो. तुलना करायची तर सगळे कप एकाच गाळलेल्या पाण्याचे करावेत. आणि कारखाना चालू असेल तर खिडक्या लावून घ्याव्यात, हे श्रीपूर, माळीनगर, अकलूजच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

चहापत्ती आजूबाजूचा वास पटकन ओढून घेते. ज्या गुणामुळे मोगऱ्याचा चहा होतो, त्याच गुणामुळे काळ्या मसाल्याचाही होतो. नमुन्याच्या पुड्या एका डब्यात कोंबल्या तर महिन्याभरात सगळ्यांची खिचडी होते. प्रत्येकाला वेगळी, घट्ट झाकणाची, वास न येणारी बरणी हवी, ती शेगडीपासून आणि मसाल्यापासून लांब. फवारलेला स्वाद काही महिन्यांत विरतो, म्हणून पॅकिंगची तारीख पाहावी आणि आवडला तरी शंभर ग्रॅमच्या वर घेऊ नये. कंपनी मोठ्या डब्यावर सूट देते ती आपल्या सोयीसाठी देते, तुमच्या नव्हे.

टीबॅगबद्दल थोडं. स्टेपल पिन लावलेल्या टीबॅगना एफएसएसएआयनं मनाई केली आहे. ‘पिरॅमिड’ म्हणून मिळणाऱ्या चकचकीत जाळीच्या पुड्या अनेकदा नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या असतात. २०१९ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांना उकळत्याच्या जवळच्या पाण्यात अशा एकाच पुडीतून अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिककण सुटलेले आढळले. ते शरीरात नेमकं काय करतात याचा अभ्यास चालू आहे, पण सुटी पत्ती आणि स्टीलची गाळणी हातात असताना त्या अभ्यासाचा नमुना कशाला व्हायचं!

तब्येतीचं भानही ठेवावं. काळ्या चहातले पॉलिफेनॉल डाळी-भाज्यांतलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाहीत, त्यामुळे रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवणाबरोबर चहा टाळून तासाभरानं घ्यावा. ज्येष्ठमध घातलेली मिश्रणं गोड लागतात म्हणून फार पिऊ नयेत. रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. अर्ल ग्रेचा स्वाद इटलीच्या कॅलाब्रियात होणाऱ्या बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाच्या तेलाचा. एक-दोन कपांनी काही होत नाही. पण २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ४४ वर्षांच्या एका माणसाची नोंद छापून आली. तो दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पीत होता, त्याच्या स्नायूंत गोळे येऊ लागले, आणि साध्या काळ्या चहावर परतल्यावर त्रास थांबला.

भेसळीचा संशय आला तर घरातल्या दोन चाचण्या पुरतात. गाळणकागदावर पत्ती पसरून वर थोडं पाणी शिंपडा, कागद धुवा आणि उजेडात पाहा. रंगाचे डाग उमटले तर वापरलेल्या पत्तीला रंग दिलेला असू शकतो. पत्तीवरून लोहचुंबक फिरवला की लोखंडाचा कीस असल्यास चिकटतो.

या सगळ्यानंतर श्रीपूरच्या घरात स्वादाचा चहा बंद झाला का? नाही. अर्ल ग्रे राहिला, दुपारी, बिनदुधाचा. संत्रं-दालचिनीची पुडी पाहुण्यांसाठी संपवली. गुलाब-वेलचीच्या ऐवजी साध्या पत्तीत घरची वेलची आणि परसातला गवती चहा पडू लागला. तो ताजा असतो, आणि किती घातला हे डोळ्यांना दिसतं.

तुम्हीही छोट्या कंपनीचा चहा जरूर मागवा. त्यांतल्या काही मनापासून काम करणाऱ्या असतात आणि मोठ्या कंपन्या करणार नाहीत असे प्रयोग करतात. फक्त आधी सर्वांत लहान पुडी घ्या, फोडताना डब्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा, बिल जपून ठेवा. ऑनलाइन विक्रेत्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तसं झालं नाही, किंवा पाकिटावर ‘फ्लेवर्ड टी’ आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा.