चिमूरचा प्रश्न आणि युद्धातील मूल

ऑगस्ट १९४२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमावाने काही सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. त्यानंतर गावात आलेल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. गावकऱ्यांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षाही सुनावल्या गेल्या. सैनिकांची साधी चौकशी करण्यास मात्र सरकार तयार होईना. त्या मागणीसाठी आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. १२ जानेवारी १९४३ रोजी तडजोड होऊन ते सुटले. चौकशी झाली नाहीच.

त्याच सप्टेंबरात नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा व त्याचे सोबती बळी पडले. हुतात्म्यांची नावे आपण पाठ करतो. जाब कोणाला विचारला गेला, हे विचारीत नाही.

कायद्याच्या काटेकोर अर्थाने हा सशस्त्र संघर्ष नसेलही. पण प्रश्न तोच आहे. आरोपी स्वतःच सत्ताधारी असेल तर जाब कोणी विचारावा?

१९९८ च्या रोम कराराने याचे एक उत्तर दिले. पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करणे वा लढाईत वापरणे हा युद्धगुन्हा ठरला. हाताखालच्यांच्या गुन्ह्यांबद्दल सेनानायकही जबाबदार ठरला. आणि कितीही वर्षे लोटली तरी गुन्हा मुदतबाह्य होत नाही. या न्यायालयाने २०१२ मध्ये काँगोच्या थॉमस लुबांगाला चौदा वर्षांची शिक्षा दिली. त्या खटल्यात मुलांचे वय सिद्ध करणे फार अवघड गेले. युगांडाचा डॉमिनिक ऑंगवेन तर लहानपणी स्वतःच पळवून नेलेला होता. तरीही २०२१ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्याचे बालपण शिक्षा ठरविताना विचारात घेतले गेले, पण प्रौढपणी केलेल्या गुन्ह्यांतून त्याची सुटका झाली नाही. हा भेद मला योग्य वाटतो.

भारत या न्यायालयाचा सदस्य नाही. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ८३ वे कलम मुलांना वापरणाऱ्या सशस्त्र गटांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड सांगते. नक्षलवादाची झळ सोसलेल्या गडचिरोलीच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. परंतु हे कलम बिगरसरकारी गटांपुरतेच बोलते. चिमूरचा आरोप सरकारच्याच माणसांवर होता. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातील तो जुना प्रश्न अद्याप मिटलेला नाही: न्याय दोन्ही बाजूंना सारखाच लागू झाला, तरच तो मुलांच्या बाजूचा म्हणता येईल.