पावसाचा नकाशा

सोलापूर जिल्ह्यांतील एखाद्या शेतकऱ्यास "यंदा पाऊस किती झाला?" असें विचारल्यास तो उलट विचारील, "कोणत्या नक्षत्रांत?" हा प्रश्न भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांतील रोजच्या नोंदींची बेरीज करून ती त्या त्या गांवाच्या जागीं नकाशावर लिहावी व सारख्या पावसाचीं ठिकाणें रेषांनीं जोडावीं. ह्याच समपर्जन्यरेषा होत. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस, पर्जन्यछायेंत, सोलापुरास तो सुमारें ७०० मिलिमीटरच पडतो.

परंतु वर्षाच्या एकाच नकाशावर थांबूं नये. जून ते ऑगस्टचा एक व सप्टेंबर-ऑक्टोबरचा दुसरा, असे निराळे नकाशे काढावे. महाबळेश्वरीं सर्वांत अधिक पाऊस जुलैंत, तर सोलापुरास बहुधा सप्टेंबरांत पडतो. तेथील काळ्या जमिनींत रब्बीची ज्वारी वाढते ती मुख्यतः ह्याच पावसानें मुरलेल्या ओलीवर. म्हणून मृगांत मुबलक पाऊस पडला, पण उत्तरा व हस्त हीं नक्षत्रें कोरडीं गेलीं, तर वर्षाची बेरीज पुरी दिसूनही घरांतील कणगी रिकामी राहूं शकते.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या गांवच्या पावसाची नक्षत्रवार वही आजच सुरू करा. दहा वर्षांत हस्त कितीदां कोरडा गेला, हें तीवरून कळेल, आणि पेरणीचा विचार करतांना तुमच्या वडिलांस ती खचित उपयोगी पडेल.