लग्नातल्या जिलबीने वाढलेली साखर

"गोळी महिन्यापूर्वीच सोडली, डॉक्टर. सकाळी कारल्याचा रस घेतो. एकदम हलकं वाटतं!" समोर बसलेले काका निवृत्त मास्तर. मुलांना "स्वतःचं डोकं चालवा" म्हणून सांगण्यात उभी हयात गेली. बोट टोचून पाहिलं तर उपाशीपोटी साखर २४८. काका क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "परवा लग्नात जिलबी खाल्ली, त्यानेच असणार."

काका थाप मारत नव्हते. घडलेल्याला चटकन कारण जुळवायची मेंदूची सवयच आहे. अपस्मारावरचा उपाय म्हणून मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा पूल ज्यांचा कापला होता, अशा रुग्णांवर मायकेल गॅझानिगा यांनी १९७०च्या दशकात प्रयोग केले. एकाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फात बुडालेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, उजव्या मेंदूच्या ताब्यातल्या डाव्याने फावडं. फावडं कशाला? बोलणारा मेंदू डावा, आणि बर्फ त्याने पाहिलाच नव्हता. तरी उत्तर न अडखळता आलं: खुराडं साफ करायला फावडं लागतंच की!

असा हजरजबाबी वकील प्रत्येकाच्या डोक्यात बसलेला असतो. माझ्याही. नवा होतो तेव्हा साध्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक द्यायचो. पेशंट चार दिवसांत बरा व्हायचा आणि माझी कॉलर ताठ. तो नुसत्या पेजेवरही बरा झाला असता, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

त्यात तीच गोष्ट चार ग्रुपवर चारदा वाचली की ती खरी वाटू लागते. मेंदूला ओळखीचं ते पटकन पटतं. म्हणून "पटलं" एवढ्यावर औषध बदलू नका. आधी स्वतःला विचारा, माझं चुकतंय हे मला कशावरून कळेल? त्याचं उत्तर सापडेना, तर आपल्याशी हमखास वाद घालणारं घरातलं माणूस गाठा. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत सगळा गट धडधडीत चूक बोलत असताना एकाने जरी खरं सांगितलं, तरी गटाचा दाब बराच उतरायचा. घरातलं ते माणूस सून असेल, तर तिचं बोलणं टोचतं खरं, पण तपासण्यापुरतं ऐकावं.

हाच वकील कधी आपल्यावर उलटतो. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर "आता माझा कुणाला उपयोग" हे वाक्य तो पुराव्यानिशी मांडतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडणं, कशातच मन न लागणं असं चाललं असेल, तर त्या वाक्याला आयुष्याचं सत्य समजू नका. नैराश्यातला मेंदू असाच बोलतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा.

काकांची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. ९.४. एका जिलबीने हा आकडा येत नाही, हे मास्तरांना सांगावं लागलं नाही. गोळी सुरू झाली. रसाचं म्हणाल तर गोळीबरोबर घेतला की साखर जास्तच उतरू शकते, म्हणून तूर्त बंद. रोजची साखर वहीत लिहायला सांगितली. परवा वही घेऊन आले. आकडे खाली येत होते. एका १९० भोवती मात्र लाल पेनाने गोल, आणि बाजूला सुवाच्य अक्षरात: "मुंज."