टीव्ही बातम्यांच्या पडद्यामागे काम कसे मिळेल?

प्रश्न : मी विरारला राहते. यंदा पदवी पूर्ण होईल. कॅमेऱ्यासमोर यायचे नाही, बातमीपत्र घडवण्याचे काम करायचे आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बातमीपत्राची खरी धावपळ पीसीआरमध्ये, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये चालते. बातम्यांचा क्रम लावलेला रनडाउन समोर असतो. रिपोर्टरची लाइव्ह जोडणी तुटली की निर्माता अँकरच्या कानातल्या इअरपीसमध्ये पुढची बातमी सांगतो, ग्राफिक्सवाला पट्टी बदलतो, पॅनेलवरचा हात दुसरे दृश्य आणतो. हे सारे काही सेकंदांत उरकावे लागते.

त्यामुळे नवख्या उमेदवाराकडे दोन गोष्टी हव्यात : शुद्ध, नेमके मराठी आणि व्हिडिओ संपादनाचा हात.

अशा कामाच्या जागा वाढत गेल्या आहेत : मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; खासगी मराठी वृत्तवाहिन्यांची लाट २००७ च्या सुमारास आली. आज वाहिन्यांच्या डिजिटल विभागांतही निर्मितीची कामे असतात. शिक्षण पुढे न्यायचे तर पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकता येते, तर तिथल्याच एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, संपादन आणि ध्वनिमुद्रण.

नमुन्याचे काम मात्र घराजवळच करावे. विषय हाताशीच असतात : १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून वसई-विरार लोकल ठप्प झाली होती. यंदाच्या पावसात स्टेशनवर जाऊन प्रवाशांशी बोलावे, दीड मिनिटाची बातमी मोबाइलवर कापावी, तिची संहिताही लिहावी. अशा तीन-चार बातम्या घेऊन इंटर्नशिपसाठी वाहिन्यांच्या इनपुट (बातम्या जमवणाऱ्या) आणि आउटपुट (बातमीपत्र घडवणाऱ्या) विभागांकडे अर्ज करावा. पाळी पहाटेची की रात्रीची, हे आधीच विचारावे. विरारची पहिली किंवा शेवटची लोकल गाठण्याचे गणित त्यावरच ठरते.