मणक्यात सिमेंट भरल्याने दुखणं थांबतं का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. तांदळाचा डबा उचलताना पाठीत कळ आली, एक्स-रेत मणका दबल्याचं निघालं. ओळखीच्या एका काकूंनी अशाच दुखण्यावर मणक्यात सिमेंट भरून घेतलं आणि त्या लगेच चालायला लागल्या. हे सिमेंट म्हणजे काय? त्याचा गुण येतो हे कुणी तपासलंय का? — एक वाचक, मिरज

उत्तर : तपासलंय, आणि फार कसोशीने. हे सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. कृत्रिम खुबा बसवतानाही ते वापरतात. पूड आणि द्रव कालवले की मिश्रण काही मिनिटांत घट्ट होतं; त्याआधी एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ते जाड सुईने मणक्यात सोडायचं. यालाच व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या आमियां शहरात गालिबेर आणि देरामों यांनी ती प्रथम केली, तीही मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. ठिसूळ हाडांसाठी ती नंतर जगभर रूढ झाली.

आराम पडतो असं पेशंटही सांगत आणि डॉक्टरही. अडचण अशी, की दबलेला मणका बहुतेकांचा सहा ते बारा आठवड्यांत आपोआप जुळतो आणि कळाही ओसरतात. मग गुण सिमेंटचा म्हणायचा की गेलेल्या दिवसांचा?

२००९ मध्ये याचा छडा लावणारे दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक ऑस्ट्रेलियात रेचेल बुकबाइंडर यांचा, ७८ रुग्णांचा. दुसरा अमेरिकेतल्या डेव्हिड कॅल्म्स यांचा, १३१ रुग्णांचा. कॅल्म्स स्वतः ही प्रक्रिया करणारे, म्हणून त्यांच्या धैर्याचं मला विशेष वाटतं. निम्म्याच्या आसपास रुग्णांना खरं सिमेंट दिलं. उरलेल्यांनाही तसंच टेबलावर पालथं झोपवून जागा बधिर केली, पाठीवर दाब दिला आणि सिमेंटची बाटली उघडली, म्हणजे तो उग्र वास खोलीभर पसरावा. सिमेंट मात्र भरलं नाही. आपल्याला काय मिळालं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. महिन्याभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालेलं होतं, आणि जवळजवळ सारखंच.

यावर वाद झाला. ताज्या फ्रॅक्चरला तरी फायदा होत असेल, असं काहींचं म्हणणं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १२० रुग्णांच्या अभ्यासात तसा फायदा दिसलाही. पण २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या १८० रुग्णांच्या अभ्यासात तो दिसला नाही, आणि अशा अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्यानेही या उपायाला सरसकट पाठिंबा दिला नाही. शिवाय सिमेंट मणक्याबाहेर झिरपून क्वचित नसांना किंवा फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : दुखणं सोसवत असेल तर घाई करू नका. वेदनाशामकं डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या, पण सासूबाईंना अंथरुणाला खिळू देऊ नका. झोपून राहिलं की हाडं आणखी झिजतात. सगळे उपाय करूनही त्यांना उठताबसता येत नसेल, तर सिमेंटचा विचार तज्ज्ञांशी बोलून जरूर करा. पायांतली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून हाडं ठिसूळ होऊ नयेत यासाठीचं औषध सुरू करायचं का, हे डॉक्टरांना याच भेटीत विचारा. एक मणका दबला की पुढचा दबण्याचा धोका वाढतो, आणि तो सिमेंटने कमी होत नाही.