वर्ध्याचा रेडिओ

मित्रांनो, रेडिओ ऐकताना तुम्ही कोणाला पैसे देता का? नाही. मग निवेदकाचा पगार, विजेचे बिल आणि यंत्रांचा खर्च कोण भागवतो? हे कळले, की रेडिओ केंद्रांमधील स्पर्धाही कळते. आपण वर्ध्याचे उदाहरण घेऊ.

वर्ध्यापासून नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर आहे. तेथे १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. मध्यम लहरी दूरवर जातात. त्यामुळे नागपूरचा आवाज वर्धा जिल्ह्यातही ऐकू येऊ लागला. त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी परवाना काढावा लागे व त्याचे शुल्क भरावे लागे.

देशात आकाशवाणीला प्रतिस्पर्धी नव्हता. पण लहरींना देशाची सीमा अडवत नाही. शेजारच्या रेडिओ सिलोनवर हिंदी चित्रपटगीते लागत. आपले श्रोते तिकडे वळले. तेव्हा आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही लागू लागल्या.

२००१ साली बंगळुरूला देशातील पहिले खाजगी एफ. एम. केंद्र सुरू झाले. पुढे नागपुरातही अशी केंद्रे आली. त्यांचा खर्च जाहिरातींतून चालतो. एफ. एम.चा आवाज स्वच्छ असतो. पण त्याच्या लहरी फार लांब जात नाहीत. म्हणून प्रत्येक शहराला वेगळे केंद्र लागते. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांसाठी ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत वर्ध्याचे नाव होते.

आता थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ६ हजार होती. समजा, गावातील एका कापड दुकानदाराने जाहिरातीसाठी महिन्याला ३,००० रुपये ठेवले. केंद्र एकच असेल, तर सारे पैसे त्याला मिळतील. केंद्रे तीन झाली, तर प्रत्येकाला १,००० रुपयेच मिळतील. दुकाने तितकीच, वाटेकरी मात्र तिप्पट! मग प्रत्येक केंद्र खर्च कमी करते. गाणी लावणे सोपे असते. गावोगाव जाऊन माहिती आणणे महाग पडते. तिन्ही केंद्रांवर तीच गाणी वाजू लागली, तर श्रोत्याला स्पर्धेचा काय लाभ?

हिंगणघाटच्या बाजारात आज कापसाला काय भाव आहे? आर्वीकडे पाऊस येणार आहे का? वेचलेला कापूस अंगणात पडलेला असताना शेतकऱ्याला गाण्यापेक्षा हे आधी हवे असते. खाजगी एफ. एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. तरीही हवामान, रहदारी, परीक्षा अशी उपयोगी माहिती ती देऊ शकतात. जे केंद्र ही माहिती वेळेवर देईल, त्याला गावकरी विसरणार नाहीत.

आणखी एक वाट आहे. २००६ च्या धोरणानुसार नफा न कमावणाऱ्या संस्थांनाही समुदाय रेडिओ चालवता येतो. त्याचा आवाज थोड्याच अंतरापर्यंत पोहोचतो. पण त्यावर गावची माणसे गावच्या भाषेत बोलतात.

मित्रांनो, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. म्हणजे त्यांत तुमचाही वाटा आहे. तुम्ही पैसे देत नसाल, पण वेळ देता. त्या वेळेवरच जाहिरातीचे मोल ठरते. म्हणून रेडिओ लावताना स्वतःला विचारा, ‘यात माझ्या गावाचे काही आहे का?’

शब्दार्थ
निवेदक – कार्यक्रमाची माहिती सांगणारा
प्रतिस्पर्धी – स्पर्धा करणारा
लिलाव – जास्त बोली लावणाऱ्याला देण्याची पद्धत
वाटेकरी – हिस्सा घेणारा

स्वाध्याय
१. विविध भारती का सुरू झाली?
२. केंद्रे वाढली, तर प्रत्येक केंद्राचे उत्पन्न का घटते?
३. तुमच्या गावासाठी पाच मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. त्यात काय सांगाल ते लिहा.