तिसरी फळी केवढ्याला पडते?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये मालक कितीही गडगंज असो, २०२५-२६ साठी एका संघाच्या पगारांची मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर. संघ २३ जणांपर्यंतचा, आणि सामन्यात उतरतात १२ फॉरवर्ड, तिघातिघांच्या चार फळ्या करून. पहिल्या फळीचे भाव सगळ्यांनाच तोंडपाठ असतात. हिशेब चुकतो तो तिसऱ्या फळीत.

टोरंटोने २०२४-२५ मध्ये मॅथ्यूज, नायलँडर, टॅव्हारेस आणि मार्नर या चौघांवरच सुमारे ४ कोटी ६६ लाख लावले. तेव्हाची मर्यादा होती ८ कोटी ८० लाख. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीतला सातवा सामना फ्लोरिडाने त्यांच्याविरुद्ध ६-१ असा मारला. त्या फ्लोरिडाच्या तिसऱ्या फळीचं बिल बघा: लुंडेल ५० लाख, लुओस्टारिनेन ३० लाख, मार्शंड ३० लाख ६२ हजार. मार्शंडचा आकडा खरं तर दुप्पट, पण सौदा करताना बॉस्टनने निम्मा भार स्वतःकडे ठेवला. एकट्या मार्नरच्या पगारात जवळजवळ अख्खी फळी! मार्शंडने पुढे अंतिम फेरीत सहा गोल केले आणि स्टॅनली कप फ्लोरिडाकडेच राहिला.

हे बजेट मी असं मांडेन. दोन तारे कोटी-कोटीचे. पहिल्या दोन फळ्यांतले उरलेले चौघे सरासरी ५५ लाखांचे. तिसरी फळी १ कोटी ५ लाख, हिच्यात कात्री नको. चौथ्या फळीला प्रत्येकी ९ लाख पुरेत आणि दोन राखीव किमान पगारावर, म्हणजे ७ लाख ७५ हजारांवर. बेरीज ५ कोटी ६७ लाखांच्या घरात जाते. गोली आणि बचावफळीसाठी हे जरा जड होतं, म्हणून त्या चौघांपैकी एक तरी पहिल्याच करारावरचा पोरगा हवा. त्याचा मूळ पगार १० लाखांच्या आत असतो (बोनस वेगळा), म्हणजे ४५ लाख सुटले.

ही स्वस्ताई बहुधा तीनच वर्षांची. एडमंटनला ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये कळलं. पहिला करार संपलेल्या एडमंटनच्या डिलन हॉलोवेपुढे सेंट लुईसने वर्षाला २२ लाख ९० हजारांचा प्रस्ताव ठेवला. तेवढेच पैसे देऊन एडमंटनला त्याला राखता आलं असतं, पण बचावपटू ब्रोबर्गलाही त्याच दिवशी दुप्पट रकमेची मागणी आली होती. दोघेही गेले. हॉलोवेच्या बदल्यात नवोदितांच्या ड्राफ्टमधली तिसऱ्या फेरीतली एक निवड हाती आली आणि त्याने नव्या संघाकडून पहिल्याच मोसमात ६३ गुण केले. करार संपायच्या आधीच्या उन्हाळ्यातच बोलणी उरकावीत ती यासाठी.

खरेदी कधी करावी? १ जुलैला बाजार उघडतो तेव्हा भाव चढे असतात आणि करार लांबलचक. मार्च बरा. मर्यादेचा हिशेब दिवसागणिक होतो, त्यामुळे मोसमभर १० लाखांची जागा मोकळी ठेवली तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात वर्षाला ४५ लाखांच्या आसपास कमावणारा खेळाडू बसतो. त्यात विकणाऱ्याने निम्मा पगार उचलला तर ९० लाखांचाही. मात्र दीर्घकालीन दुखापतीची सवलत वापरत असाल तर ही बचत साठत नाही. आणि निम्मा पगार कुणी फुकट उचलत नाही, त्याचे पैसे ड्राफ्टमधल्या निवडींनी चुकवावे लागतात. मार्शंडसाठी ठरलेली दुसऱ्या फेरीतली निवड अटींनुसार पहिल्या फेरीची झाली.